विटकरीची भुकटी

खतासाठी कळप बसवला होता त्या पार्वतीबाईच्या रानात सकाळी सकाळी दीपिकानं असा टाहो फोडला, की जाळीत बसलेल्या मेंढ्यांनीसुद्धा माना वर केल्या. नवख्या माणसाला वाटलं असतं, पोरीला विंचू डसला. पण बिरू धनगराचं बिऱ्हाड ज्यांच्या ओळखीचं होतं, त्यांना एवढ्यावरून कळायचं, की त्याची बायको कासाबाई नातीचे दात घासायला बसली.

बसली म्हणजे कशी, तेही सांगायला पाहिजे. पोरगी दोन गुडघ्यांत आवळलेली. डाव्या हातानं जबडा दाबून तोंड उघडलेलं. उजव्या हाताचं बोट विटकरीच्या भुकटीत बुडवायचं आणि करपलेला तवा घासावा तसं समोरच्या दोन दातांवर रगडायचं. मेंढीला औषध पाजायची हीच बैठक आणि हाच हिसका. मेंढी निदान सुटली की पळून जाते. सात वर्षांची पोरगी कुठं जाणार? चारी बाजूंनी वैशाखातलं काळं रान, वीतवीत भेगा पडलेलं, आणि सावली म्हणाल तर बांधावरच्या एका बाभळीची.

"आजे, दुखायलंय! रगत यायलंय!"

"यू दी. घाण निगायली मनून यायलंय. उघड तोंड, भवाने! दात बग कसे पिवळे पडलेत. मेंढीचे बरे तुज्यापरीस."

दीपिकाचे दुधाचे दात पडून समोरचे दोन नवे आले होते. ते आले तेच तपकिरी ठिपके घेऊन. त्यांच्या गावाकडच्या बोअरचं पाणी जड, तिथल्या बऱ्याच लेकरांचे दात तसेच येतात. पण कासाबाईला हे कोण पटवून देणार? तिच्या हिशेबी ठिपका म्हणजे घाण, आणि घाण म्हणजे रगडायची वस्तू. उभ्या आयुष्यात तिनं सगळ्या गोष्टी रगडूनच सरळ केल्या होत्या. भांडी, सुना आणि नवरासुद्धा. तिच्या स्वतःच्या तोंडात आता मोजून चार दात उरले होते. ते कशानं गेले विचारलं तर म्हणायची, वयानं गेले.

टाहो ऐकून दीपिकाची आई बबिता शेळीची धार अर्धी टाकून पातेल्यासकट पळत आली.

"आत्याबाई, सोडा तिला! ती घाण न्हाई, दातच तसे आलेत. डॉक्टरीणबाईनं सांगितलंय शाळंत."

"तुज्या बाळंतपणाला डॉक्टरीण आल्ती का मी आल्ते?"

सुट्टी लागायच्या आधी शाळेत दाताची डॉक्टरीण येऊन गेली होती. बबिता पोरीला घेऊन पुढच्याच रांगेत बसली होती. दाताला वरून एक कडक, चकचकीत कवच असतं, बाईनं सांगितलं. ते एकदा झिजलं की पुन्हा येत नाही. हाड मोडलं तर सांधतं, कातडी फाटली तर भरते, हे भरत नाही. राख नको, वीट नको, मिश्री तर नकोच. मऊ ब्रश, वाटाण्याएवढी पेस्ट, हलक्या हातानं गोल गोल, सकाळी एकदा आणि झोपताना एकदा. चिंच-कैरी खाल्ली तर आधी चूळ भरायची, अर्धा तास थांबायचं, मग घासायचं.

बाकीच्या बाया ऐकून उठून गेल्या. बबिता हलली नाही. कारण तिच्या तोंडात ते कवच उरलंच नव्हतं. लग्न होऊन या बिऱ्हाडात आली तेव्हापासून सासूच्या डब्यातली भुकटी रोज दाताला. आता माठातलं पाणी प्यायचं तरी तिला ते आधी उन्हात ठेवावं लागे. थंड घोट घेतला की कळ थेट कपाळात जायची. पोरीचे हे दोन दात म्हातारपणापर्यंत पुरायचे आहेत, आणि ते आपल्यासारखे होऊ द्यायचे नाहीत, एवढं एकच तिनं मनाशी धरलं होतं. त्यासाठी तिनं ताडकळसच्या बाजारातून एक गुलाबी ब्रश आणून चोळीत लपवून ठेवला होता.

तो ब्रश तिनं आता बाहेर काढला. तिथंच चुकलं म्हणा.

"ह्याच्यानं घासा आत्याबाई. मीच घासते. तुमाला तरास कामून?"

कासाबाईनं ब्रश हातात घेतला, उलटा-सुलटा करून बघितला आणि शांतपणे चुलीत टाकला. प्लास्टिकचा काळा धूर निघाला. तो विझायच्या आत बबितानं भुकटीचा डबा उचलून असा भिरकावला, की तांबडी धूळ उडत डबा थेट मेंढ्यांच्या लेंड्यांत जाऊन पडला.

मग काय विचारता. चिमटा चुलीत तापलेलाच होता. कासाबाईनं तो सुनेच्या मनगटावर हाणला. बबितानं चिमटाच धरला. दोघींची झोंबाझोंबी झाली, पातेलं कलंडलं, शेळीचं दूध भेगाळलेल्या जमिनीनं घटाघटा पिऊन टाकलं. बाजेवर पडलेला रामहरी, बबिताचा नवरा, उठला. कोण खरं, कोण खोटं हे विचारायची त्याला सवय नव्हती. त्यानं बायकोच्या झिंज्या धरून तिला बाजूला फेकलं.

"म्हातारीच्या अंगावर जायलीस? माजलीस का?"

"पोरीच्या तोंडातून रगत काडायल्या त्या! डोळे फुटलेत का तुमचे?"

"दात घासल्यानं कुणी मेलंय का?"

तेवढ्यात बांधावरून टेम्पोचा घरघराट आला, म्हणून त्याची उगारलेली थप्पड हवेतच राहिली.

टेम्पोतून पालमचा बालाजी उतरला. हाही मेंढ्यावालाच, जातीचा आणि ओळखीचा. पण आज त्याच्या मागं दोन दांडगे पुतणे होते आणि तिघांच्या हातांत काठ्या. टेम्पोत तीन मेंढ्या होत्या. पुतण्यांनी त्या एकेक करून खाली ओढल्या. हाडं मोजून घ्यावीत अशी त्यांची गत झाली होती.

"बिरूदादा कुटं हाय?" बालाजी ओरडला. "बोलवा त्याला! ह्या मेंढ्या इकल्या का माजं नरडं कापलं?"

बिरू मेंढरांच्या पाण्याची सोय बघून येतच होता. वाळक्या अंगाचा, पांढऱ्या मिशांचा म्हातारा. ताडकळसच्या बाजारात त्याचं एक नाव होतं. मेंढीचं वय दातावरून ठरतं, म्हणून घेणारा माणूस आधी मेंढीचं तोंड उघडतो. बिरूच्या मेंढीचं तोंड कुणी उघडत नसे. बिरूनं चार दाती, म्हणजे ऐन तरणी, म्हटलं की ती चार दाती. सगळ्या मुलखात त्याची कमाई म्हणाल तर एवढीच.

"काय झालं बालाजी? खाली बस, पानी पी."

"पानी न्हाई प्यायचं मला. तोंड उघडून बग ह्यांचं. चार दाती मनून दिल्या तुज्या पोरानं. घरी नेल्या तर पाल्याला तोंड लावंनात. तोंडात घास घेतला की टाकायल्यात. कानस मारलीय दाताला! म्हाताऱ्या मेंढ्यांचे लांबलेले दात घासून बारके केलेत, वरून चमकवलेत. तुजं नाव ऐकून तोंड उघडलं न्हाई मी, त्याची ही सजा मला?"

बिरूचा चेहरा राखेसारखा झाला. त्यानं लेकाकडं बघितलं.

"रामहऱ्या?"

"खोटं बोलायलाय त्यो बा! नेल्यावर काय खाऊ घातलं काय म्हाईत. आमी हात लावला न्हाई."

"हराम्या, मी खोटं?" बालाजीनं काठी उचलली. पुतणे पुढं आले. रामहरीनं जाळीचा खुंटा उपटला. बाया ओरडल्या, कुत्री भुंकायला लागली. एक काठी रामहरीच्या खांद्यावर बसली, त्यानं खुंटा फिरवून एका पुतण्याच्या नडगीवर घातला, तो मट्कन खाली बसला. बिरू दोघांच्या मधे घुसला. एक वार त्याच्याही पाठीवर पडला, पण तो हलला नाही.

"थांबा!" म्हातारा गरजला. "माज्या घरानं असलं काम केलं न्हाई. तुला शक असंल तर मी भंडारा उचलतो. बिरोबाची आन घेऊन सांगतो. मग तर झालं?"

बालाजीची काठी खाली आली. "उचल. तू भंडारा उचललास तर मी मेंढ्या मागं घेऊन जातो. वर तुज्या पाया पडतो."

बिरूनं कमरेची पिशवी सोडली. पिवळा भंडारा तळहातावर घेतला.

बबिता बाभळीखाली पोरीला पोटाशी धरून उभी होती. बाजारच्या दिवशी पहाटे काय झालं, ते तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. बिरू त्या दिवशी पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनाला गेलेला. बैलगाडीच्या आडोशाला रामहरी मेंढीच्या मानेवर गुडघा देऊन बसला होता. हातात कोयत्याला धार लावायची कानस. मेंढी पाय झाडत होती, तोंडातून फेस आणि रक्त. आणि शेजारी कासाबाई, कानस मारून झालेल्या दातांवर विटकरीची भुकटी रगडत बसलेली. बबिता बोलायला गेली तर दोघांनी तिला हाकलून दिलं होतं.

आता म्हातारा देवाच्या नावानं खोटं बोलणार होता आणि त्याला ते ठाऊकही नव्हतं. बोललं तर काय होणार, हे बबिताला पक्कं माहीत होतं. तरी ती बोललीच.

"मामा, भंडारा उचलू नका! बालाजीभाऊ खरं बोलायलेत. ह्यांनीच कानस मारली. मी बगितलंय."

आणि मग रामहरीच्या हातातला खुंटा सूं करून आला.

तो तिच्या तोंडावर बसला. बबिता गुडघ्यांवर आली. ओठ फाटला, आणि समोरचा एक दात अर्ध्यातून मोडून तिच्याच मांडीवर पडला. झिजून झिजून आधीच पातळ झालेला दात तो, किती तग धरणार? ती ओरडलीसुद्धा नाही. उघड्या पडलेल्या नसेला वारा लागला आणि तिच्या डोळ्यांपुढं सगळं रान पांढरं झालं.

बिरूनं हातातला भंडारा परत पिशवीत ठेवला. दोन्ही हात धोतराला पुसले. बालाजीच्या हातातली काठी मागून घेतली आणि लेकाकडं वळला. पुढं जे झालं ते बघवणारं नव्हतं. रामहरीनं पहिले दोन वार हातावर झेलले, मग तो वाकला, मग पडला. म्हातारा मारतच राहिला. पाठीवर, मांड्यांवर, पायांवर, एक शब्द न बोलता. शेवटी ज्याची फसवणूक झाली होती त्या बालाजीलाच मधे पडून काठी हिसकावून घ्यावी लागली.

"पुरे बिरूदादा, मरंल पोरगं!"

"मरू दी. माजी जबान मेली आज."

नवऱ्याला मार बसला म्हणून बबिताच्या दाताची कळ काही थांबली नाही. त्या माराचं तिला समाधान वाटलं नाही, असं मात्र कुणी म्हणू नये. थोडं वाटलं.

बिरूनं बालाजीला तीन तरण्या मेंढ्या दिल्या. या वेळी आपल्या हातानं एकेकीचं तोंड उघडून दाखवलं. त्या नामुष्कीनं त्याची मान जी खाली गेली, ती टेम्पो दिसेनासा झाला तरी वर आली नाही. मग तो परत आलेल्या मेंढ्यांपाशी बसला. एकीच्या तोंडात अंगठा घालून दातांवरून फिरवला. आणि काय मनात आलं कुणास ठाऊक, त्यानं दीपिकाला जवळ बोलावलं. "आ कर बाळ." तोच अंगठा त्यानं धुऊन, हलकेच पोरीच्या नव्या दातांवरून फिरवला. हिरड्या सुजून लाल झाल्या होत्या. नवा दात गुळगुळीत लागायला पाहिजे, हा मेंढीच्या दातासारखाच खरबरीत लागला.

"कासे, मेंढीला वरून काय लावलंस?"

"विटकर," कासाबाई म्हणाली. "मी निस्ती घाण काडली. कानस त्यानं मारली, मी न्हाई."

"आन् पोरीला काय लावतीस?"

"विटकरच. रोजची."

"त्याच डब्यातली?"

"मग? दोन डबे कुटून आनू?"

बिरूनं पोरीला मांडीवर घेतलं. "गोदावरीच्या काठाला एवढं गवत असतंय. आपुन मेंढ्या तिकडं कामून नेत न्हाई, सांग बरं?"

"वाळू असती मनून. वाळूत चरल्या की दात झिजत्यात."

"झिजल्यावर काय करतो मेंढीचं?"

झिजल्या दाताच्या मेंढीला पाला ओढता येत नाही, तिचं पोट खपाटीला जातं आणि मग तिला खाटकाच्या हवाली करावी लागते, हे धनगराच्या घरात तान्ह्या लेकरालाही माहीत असतं. कासाबाईला का माहीत नव्हतं? पण माहीत असणं वेगळं आणि सुनेपुढं कबूल करणं वेगळं.

"मेंढी येगळी, माणूस येगळं," ती म्हणाली आणि पदर झटकून उठली.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता बिरू मेंढ्या घेऊन गेला. रामहरी बाजेवर पालथा पडून कण्हत होता. बबिताचं तोंड भोपळ्याएवढं सुजलेलं. ताडकळसच्या दवाखान्यात जायचं ठरलं होतं, पण आधी पोरीचं तोंड धुवायचं होतं. ब्रश तर जळून गेला होता. तिनं जुन्या धोतराची मऊ चिंधी धुऊन घेतली, ओली करून बोटाला गुंडाळली आणि पोरीचे दात अलगद पुसायला लागली. दुखऱ्या हिरड्यांपाशी हात आणखी हलका करायची.

"दुकतंय का?"

"न्हाई माय."

पलीकडं ठक-ठक आवाज येत होता. कासाबाई चुलीची विटकर फोडून दगडावर कुटत होती. सगळ्यांनी आपल्याला खोटं पाडलं, नवऱ्यानं सुनेसमोर जाब विचारला, ही आग तिच्या डोक्यात रात्रभर धुमसत होती. मूठभर भुकटी घेऊन ती तरातरा आली. चिंधी ओढून फेकली, पोरीचा दंड धरला आणि एका हिसक्यात तिला गुडघ्यांत घेतली.

"चिंदीनं घाण निगती का कुटं? माज्या घरात माजंच चालंल. उघड तोंड!"

बबिता उठायला गेली, पण डोकं गरगरलं आणि ती बाजेच्या खुराला धरून तशीच वाकली. पोरीनं आईकडं बघितलं. मग तिनं तोंड उघडलं. रडली नाही, मान फिरवली नाही, मोठ्ठा आ केला.

कासाबाईनं बोट आत घातलं आणि दीपिकानं जबडा मिटला.

म्हातारी अशी किंचाळली, की बाजेवरचा रामहरी उठून बसला. ती हात ओढायला बघत होती, पण पोरगी सोडेना. कासाबाईनं तिच्या पाठीत धपाटे घातले, कान पिळला, केस ओढले, तरी सोडेना. भुकटी सगळी मातीत सांडली. शेवटी पोरीनं आपल्या मनानं तोंड उघडलं, तेव्हा बोटाला दोन नव्या दातांच्या दोन खोल खुणा होत्या आणि त्यांतून रक्त टपटपत होतं.

"हाडापतुर गेलं गं! कुत्री हाय का कोन ही? थांब, तुजी..."

तिनं डावा हात उगारला. तोवर बबिता पोहोचली होती. तिनं ते मनगट हवेतच धरलं. सुजल्या तोंडातून शब्द फुटत नव्हते, तरी एकेक करून ते तिनं बाहेर काढले.

"मला मारा. तिच्या तोंडाला हात लावायचा न्हाई."

"हिला तूच शिकवलंस!"

"न्हाई. मला कुटं येत होतं?"

कासाबाई हात सोडवायला धडपडली. या सुनेच्या हातात एवढा जोर कधीपासून आला, हे तिला कळेना. ती बाजेकडं वळून ओरडली, "रामहऱ्या! बगतोस काय निस्ता?"

रामहरीनं आईकडं बघितलं, बायकोच्या तोंडाकडं बघितलं आणि पुन्हा पालथा पडला.

आईच्या मागून दीपिका पुढं आली. कान लालबुंद, केस विस्कटलेले, ओठांवर आजीचं रक्त.

"आजे," ती म्हणाली, "अजून घासायचेत का?" आणि तिनं पुन्हा मोठ्ठा आ केला.

सुनेला, लेकाला, नवऱ्याला आणि सबंध बिऱ्हाडाला ताब्यात ठेवणारी कासाबाई त्या उघड्या तोंडाकडं बघत राहिली. मग बोट पदरात गुंडाळून ती एक पाऊल मागं सरली, आणखी एक सरली, आणि चुलीपाशी जाऊन पाठमोरी बसली.

बबिताला हसू फुटलं. हसताना मोडक्या दाताला वारं असं झोंबलं, की डोळ्यांतून पाणी आलं, तरी तिनं तोंड मिटलं नाही.